खाली सरळ, वर तिरपा

मामींना एखादं माणूस आवडलं की नाही हे ओळखायची सोपी खूण होती. आवडलं तर त्या त्याला नावं ठेवत, नाही आवडलं तर चहा देत. आम्ही भाडेकरू म्हणून त्यांच्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी मला चहा मिळाला, वेलदोडा घातलेला, सोबत नानकटाई. बाई किती प्रेमळ आहे, असं मी लातूरला आईला फोनवर सांगितलंसुद्धा. पुढे काही महिन्यांनी त्या पहिल्यांदा मला 'मेलं, हाताला वळण म्हणून नाय' असं म्हणाल्या, तेव्हा मी रडवेली झाले. ती माझी बढती होती, हे मला मागच्या खोलीतल्या मिस्त्रींनी समजावून सांगितलं.

घर कतारमधल्या दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या एका गल्लीच्या टोकाला होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि नवरा एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. बैठा जुना व्हिला, आत प्लायवूडच्या भिंती घालून पाडलेले भाग. पुढच्या बाजूला आमच्यासारखी कुटुंबं, मागच्या आउटहाउसमध्ये साताऱ्याकडचे एकटे राहणारे पुरुष, मधल्या खोलीत मामी. मधोमध अंगण आणि अंगणात अंजिराचं झाड. ते इतकं पसरलेलं की कपडे वाळत घालायचे तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागे. परवानगी अर्थात मामी देत किंवा नाकारत.

मामी रायगडातल्या म्हसळ्याच्या. ठेंगण्या, रुंद, डोक्यावर ओढणी, जाड भिंगाचा चष्मा आणि कमरेला नाडीने बांधलेला सिकेटर. फांद्या छाटायच्या कात्रीला सिकेटर म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तो त्यांच्या कमरेवरून फक्त नमाजाला आणि झोपताना उतरायचा. त्याच सिकेटरने त्या दुधाच्या पिशव्या फोडत, माशाचे पर काढत, औषधाच्या पट्ट्या कापत. एकदा माझा नवरा ऑफिसला निघाला असताना त्याच्या पाठीमागून 'कच्' असा आवाज आला. तो हवेत उडालाच. शर्टाचा एक दोरा लोंबत होता, तो मामींनी कापला होता. 'लोंबतं ते खातं,' एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. त्या वाक्याचा अर्थ आम्ही दोघं आठवडाभर लावत होतो.

बोलण्याचंही त्यांचं तसंच. मी काही सांगायला लागले की मूळ गोष्टीआधी माझी मावशी यायची, मावशीची जाऊ यायची. मामी बोटांची कात्री करून हवेत चालवत आणि म्हणत, 'फाटे छाट गो. खोडावर ये.'

त्या झाडाला नळाचं पाणी वर्ज्य होतं. दोह्याच्या नळाच्या पाण्यात मीठ असतं आणि अंजिराला ते बाधतं, असं मामींचं ठाम मत. झाडाला पाणी जायचं ते एसीचं. प्रत्येक खोलीच्या एसीची नळी एका बादलीत सोडलेली आणि ज्याची खोली त्याची बादली. सकाळी उठल्यावर आपापली बादली झाडाच्या बुंध्याशी रिकामी करायची, मग चहा. यातून मामींना घरादाराची सगळी बातमी लागायची. कुणाची बादली काठोकाठ भरली म्हणजे तो काल कामावर न जाता दिवसभर झोपला होता. आमच्या बादलीत एकदा पाणी कमी निघालं तर त्या थेट माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, 'भांडलात काय रे? एसी बंद करून गच्चीवर झोपलास?' तो गच्चीवरच झोपला होता.

पण खऱ्या मामी बघायच्या त्या जानेवारीत. दोह्यात तेव्हा थंडी म्हणावी अशी हवा पडते, अंजिराची पानं गळतात आणि झाड नुसत्या राखी फांद्यांचं उरतं. मामी अंगणात गोणपाट अंथरून बसत आणि काड्या कापत. पेन्सिलीएवढी जाड काडी, कोवळी नको आणि जून नको. फांदीला जिथे जिथे पान फुटतं तिथे गाठीसारखा डोळा असतो. खालच्या डोळ्याच्या अगदी लगत खालून एक सरळ काप, कारण मुळ्या तिथून फुटतात. वरच्या डोळ्याच्या जरा वर एक तिरपा काप, म्हणजे काडीच्या टोकावर पाणी साचत नाही आणि सड लागत नाही. कापातून पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपायचा. हाताला लागला तर रात्रीपर्यंत खाजवत बसायचं. हे सगळं मी आज शहाण्यासारखं सांगते आहे, पण मामींनी त्यातलं अवाक्षर कधी समजावून सांगितलं नाही. त्या फक्त 'बघ' म्हणत. मी बघायचे. त्यांचा हात इतका भरभर चालायचा की मला कच्-कच् एवढंच दिसायचं.

एखाद्या काडीवर चुकार हिरवं पान उरलेलं असायचं. कुणालाही वाटेल, राहू द्यावं, तेवढाच जिवंतपणा दिसतो. मामी ते आधी उडवत. 'मुळी नाय आणि पान पायजे? घरात पाण्याचा थेंब नाय आणि पाहुणे पंगतीला बसवतंस?' पान काढलेली ती काडी कुंडीत उभी केली की अगदी मेल्यासारखी दिसायची. मामींना ती तशीच आवडायची. 'आता काय करायचं?' असं मी विचारलं की म्हणत, 'तुझं काम खलास. आता तिचं काम. तिच्या कामात बोट घालू नको.'

त्या बोट घालण्यावरूनच मी दर वर्षी नापास व्हायचे. मामींचा नियम असा होता की ज्याला अंजीर हवं त्याने त्यांच्यासमोर स्वतः काडी कापायची. मी सिकेटर हातात धरायचे आणि या डोळ्यापाशी कापू की त्या, यातच हात थांबायचा. एखादा डोळा जास्तीचा राहिला तर बरा, असं वाटायचं. मग कुठे तरी मधेच कापायचे. मामी कपाळाला हात लावत. 'ठरव गो, ठरव! साडीच्या दुकानात हायेस काय?' माझ्या स्वभावाचं इतकं थोडक्यात आणि इतकं बरोबर वर्णन माझ्या सासूबाईंनाही जमलेलं नाही.

बाकीचे पास होत आणि झाड घेऊन जात. मार्चपर्यंत काड्यांना पानं फुटलेली असायची आणि दुधाच्या पावडरच्या डब्यांतून अंजिराची रोपं ओल्ड एअरपोर्टभर, अगदी शहराच्या टोकाच्या थुमामापर्यंत पोचायची. मग जून यायचा. शाळा बंद, सगळी कुटुंबं सुट्टीला गावी, आणि बाल्कनीतलं अंजीर पन्नास डिग्रीत एकटं. ऑगस्टमध्ये लोक फरसाण आणि लोणची घेऊन परतत तेव्हा डब्यात खडखडीत काडी असे. मामी प्रत्येकाकडे जाऊन आपला डबा परत आणत, मयताला गेल्यासारख्या, एक शब्द न बोलता. घरी आल्यावर बोलत. 'माणूस सुट्टीवर जातं, झाडाला कुठली सुट्टी? कतारमधल्या माणसाला झाड देऊच नये.' आणि जानेवारीत पुन्हा गोणपाट अंथरत. झाड देऊ नये असं म्हणत म्हणत दर वर्षी सगळीच्या सगळी रोपं देऊन टाकणारं हे एकच माणूस मी पाहिलं आहे.

एक ठिकाण मात्र सुट्टी असो-नसो अंजीर न जगण्याचं होतं, ते म्हणजे त्यांचं माहेर. म्हसळ्याला त्यांनी कितीदा काड्या नेल्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वर प्लास्टिक, वर सलवार-कमीज. तिकडे काडी जीव धरायची, पानंही यायची आणि पावसाळ्यात कुजून जायची. मामींचे भाऊ फोनवर म्हणायचे, 'अगो, दारात हापूस हाय, फणस हाय, तुला ह्या वाळवंटातल्या झाडाचं कसलं वेड?' मामी फोन ठेवून आम्हाला सांगत, 'आंब्याला काय, कुठंपण येतो.' रायगडच्या माणसाने हे बोलावं! कोकणातल्या धो धो पावसात जे झाड कुजतं ते इथे खाऱ्या मातीत आणि एसीच्या थेंबांवर फळतं, याचा त्यांना मनातून अभिमान होता. मला वाटतं त्यांना ते आपलंच चरित्र वाटत असावं.

आता त्या झाडाच्या मालकिणीबद्दल सांगायला हवं. घर मामींचं नव्हतं. ते एका कतारी म्हातारीचं होतं. हज करून आलेल्या म्हणून त्यांना सगळे हज्जा म्हणत. मामींचे यजमान त्यांच्याकडे ड्रायव्हर होते आणि मामी त्यांचे कपडे शिवत. यजमान वारले तेव्हा मामी निघायच्या तयारीत होत्या. हज्जांनी त्यांना अंगणात बोलावलं, हातात सिकेटर दिला आणि झाड छाटायला बसवलं. दोघींना तेव्हा एकमेकींची भाषा येत नव्हती. हज्जा हातावर चापट मारून शिकवायच्या. 'इतका मार मी शाळेत खाल्ला नाय,' मामी सांगायच्या. शिकून होईपर्यंत मामींचं जाणं मागे पडलं, ते पडलंच.

पुढे हज्जांच्या मुलाने थुमामाला मोठं घर बांधलं आणि आईला तिकडे नेलं. जुनं घर मामींच्या हवाली केलं, खोल्या भाड्याने द्यायच्या आणि सांभाळायच्या. निघताना हज्जा गाडीत बसल्या, काच खाली केली आणि झाडाकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणाल्या, अमाना. आपल्याकडे अमानत म्हणतात तेच. आपलं नसलेलं, विश्वासाने ठेवायला दिलेलं, एक दिवस परत करायचं. त्यानंतर दर उन्हाळ्यात पहिली अंजिरं टोपलीत भरून मामी थुमामाला जात, आणि ती टोपली रिकामी होईपर्यंत आम्हाला कुणाला अंजिराला हात लावायची प्राज्ञा नव्हती.

मग एका वर्षी डिसेंबरात मामी भावाच्या मुलीच्या लग्नाला गावी गेल्या. 'आल्यावर छाटते,' म्हणाल्या. लग्नघरात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्या म्हसळ्यात अडकल्या आणि इकडे हज्जांच्या मुलाचा माणूस निरोप घेऊन आला की घर पाडायचं आहे, फ्लॅटची बिल्डिंग होणार, महिनाअखेरीपर्यंत जागा रिकामी करा. दोह्यात तेव्हा असे निरोप घरोघरी येत होते. सकाळी असलेला व्हिला संध्याकाळी दिसायचा नाही.

मी मामींना फोन लावला. घराचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, 'झाड?' झाड नेणं शक्य नव्हतं, त्याच्या मुळ्या फरशीखालून पार कंपाउंडच्या भिंतीखाली गेल्या होत्या. बाकी सगळीकडची रोपं उन्हाळ्यात मेलेली. म्हणजे ते एकच झाड होतं आणि ते जाणार होतं.

'अमानत हाय ती,' मामी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाटलं लाइन खराब आहे. 'हज्जाला मी कुठल्या तोंडानं भेटू? काड्या काप गो.'

'मी? मला तर तुम्ही दर वर्षी नापास करता.'

'मग आता पास हो. भीती वाटली तर माझं नाव घे आणि काप. चीक पुस. पान ठेवू नको.'

मी गोणपाट अंथरलं. मागच्या खोलीतले सगळे पुरुष भोवती उभे होते. मी मामींचं नाव घेतलं आणि इतकी वर्षं जे नुसतं बघितलं होतं तसा हात चालवू दिला. काय आश्चर्य, हात न थांबता चालला. कच् सरळ, कच् तिरपा. काड्यांचा भारा झाला, तो मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. आम्ही नवा फ्लॅट बघायला गेलो होतो, तेवढ्यात मिस्त्रींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कामाला हात घातला. मिस्त्री साताऱ्याकडचे सुतार. त्यांच्या खोलीत एक सळई बांधणारा आणि एक बांधकामाची परांची बांधणारा. तिघांचा जन्म वस्तू जमिनीत घट्ट उभ्या करण्यात गेलेला. आम्ही परतलो तर अंगणात डब्यांची रांग, प्रत्येक डब्यात काडी, ओळंबा लावल्यासारखी सरळ. तिरपं टोक खाली मातीत आणि सपाट टोक वर.

मला काही तरी खटकलं. पण काय ते सांगता येईना. 'मिस्त्री, टोक वर असतं ना?' मी चाचरत विचारलं.

मिस्त्री हसले. 'अवो वैनी, टोक जमिनीत जातंय. खुंटी कवा उलटी ठोकल्याली बघितलीया का? मामी टोक काढतात ते कशापायी? घुसावं म्हनून.'

बाकी दोघांनी माना डोलावल्या. तर्क बिनतोड होता. मामींना फोन करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण शंका असली तर फोन करायचा, आणि त्या अंगणात शंका एकट्या मला होती. मला कशाची शंका नसते? आणि त्या माणसांनी आठवड्याची एकुलती एक सुट्टी गुडघ्यावर बसून घालवलेली, त्यांना कसं म्हणणार की सगळं उपटा.

एक काडी भाऱ्यातून निसटून पायरीशी पडली होती. ती मी उचलली. टोक खाली करून धरली, मग वर करून धरली. मिस्त्री बघत होते. टोक वर करून लावली तर त्यांचा अपमान, खाली करून लावली तर माझं मन खाईल. शेवटी मासळी आणलेला थर्माकोलचा खोका होता, त्यात माती भरली आणि काडी त्यात चक्क आडवी ठेवली. वरून थोडी माती लोटली. 'निजवली व्हय?' मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, 'असू दे, दमली असेल.'

आठवड्याभरात घर गेलं. झाड गेलं तेव्हा आम्ही तिथे नव्हतो आणि मला त्याचं बरंच वाटतं. मामींसाठी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये एक खोली ठेवली आणि डबे बाल्कनीत रांगेने मांडले. हिवाळ्यात एसी बंद, मग मिस्त्री लांबून येऊन पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने त्यांना पाणी घालत. काही काड्यांचे डोळे फुगले, आम्ही एकमेकांना बोलावून दाखवले. मग ते काळे पडले.

मार्चमध्ये मामी काठी टेकत आल्या. ओढणीही न काढता बाल्कनीत गेल्या. मिस्त्री मुद्दाम आले होते, नवा शर्ट घालून. मामींनी एक काडी उपटली, चष्म्याजवळ नेली, उलटी केली. तिच्यावरचा बारीक कोंब जमिनीकडे तोंड करून वाळला होता.

'डोळा खाली बघतंय,' त्या म्हणाल्या. मग दुसरी उपटली, तिसरी उपटली. 'सगळ्यांना शीर्षासन घातलंत?'

'खुंटीवानी...' मिस्त्री एवढंच म्हणू शकले. मामी आत गेल्या आणि त्यांनी मिस्त्रींसाठी चहा केला, वेलदोडा घालून. मिस्त्रींना तो कप घेताना घाम फुटला. शिव्या दिल्या असत्या तर बिचारे सुखाने घरी गेले असते.

मामी बाल्कनीत खाली बसून राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण हातातल्या मेलेल्या काडीला त्या अंगठ्याने सारख्या पुसत होत्या, चीक नसताना. मला ते बघवेना. मी बाल्कनी आवरायचं निमित्त केलं आणि कोपऱ्यातला थर्माकोलचा खोका उचलायला वाकले. त्याच्यावर मीच जुनी चादर टाकली होती आणि पाणी घालताना मिस्त्री त्यातही चार थेंब शिंपडत असत. चादर काढली तर मातीतून बोटाएवढं हिरवं काही तरी वर आलेलं, टोकाला दुमडलेलं एक पान.

'मामी,' मी म्हटलं.

मामी बसल्या बसल्या सरकत आल्या. माती जराशी बाजूला केली. काडी आडवीच होती, तिच्या एका डोळ्यातून कोंब सरळ वर आला होता आणि दुसऱ्या टोकाशी पांढऱ्या मुळ्यांचा झुपका. त्यांनी घाईने माती पुन्हा लोटली, लहान मुलाचं पांघरूण सारखं करावं तशी.

'हे कुणी लावलं?'

'मी.'

'आडवं का?'

'वर कुठलं, खाली कुठलं, ते ठरवता येईना.'

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की आता चहा मिळतो की काय असं मला वाटलं. मग त्या खदखदून हसायला लागल्या. मिस्त्री हसले, मीही हसले. 'बरं झालं गो,' त्या ओढणीने डोळे पुसत म्हणाल्या. 'तुला ठरवता आलं असतं तर हे पण मेलं असतं.'

तो उन्हाळा आमचा पाळण्याभोवती गेल्यासारखा गेला. सुट्टीला गावी कुणी गेलं नाही. आईने फोनवर कारण विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं की घरात एक लहान आहे, आणि मग तो गोंधळ निस्तरता निस्तरता माझी पुरेवाट झाली. हज्जांचेही फोन यायचे. अंजिरं कुठे आहेत, तू का येत नाहीस. घर पाडल्याचं त्यांना मुलाने सांगितलं होतं, झाडाचं सांगायचं धाडस तेवढं कुणी केलं नव्हतं. मामी फोनवर खोटं बोलत, पाय दुखतो, गाडी मिळत नाही, आणि फोन ठेवून स्वतःच्या गालात मारून घेत. माझा नवरा एकदा म्हणाला की बाजारातून चांगली अंजिरं आणून टोपलीत घालून नेऊ, त्यांना काय कळतंय? मामी म्हणाल्या, 'अमानतीत भेसळ करू?' त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

उकाडा उतरल्यावर मिस्त्रींनी रोपासाठी लाकडी पेटी केली, चारही बाजूंनी मऊ फडकं लावलेली, आणि स्वतः पिकअपच्या मागे पेटी धरून बसले. थुमामाच्या त्या मोठ्या घराच्या अंगणात हज्जा चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. अगदी वाळून गेलेल्या, हाताची कातडी पातळ कागदासारखी. मामी त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि आपल्या मोडक्या अरबीत, हिंदीत, कोकणीत सगळं सांगून टाकलं. झाड गेलं, मी इथे नव्हते, हे एवढंच वाचलं. हज्जा ऐकत राहिल्या. मग त्यांनी रोप जवळ आणायला सांगितलं आणि बोटांनी पान चाचपलं. बोटं थांबली. पानाच्या बेचक्यात एक अंजीर धरलं होतं, वाटाण्याएवढं.

पहिल्या वर्षीचं फळ काढून टाकायचं असतं. कोवळ्या रोपाने फळ पोसलं तर मुळ्या कच्च्या राहतात. मामींनी हे आयुष्यात कधी चुकवलं नसतं, पण ते फळ त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं हे मला त्या क्षणी कळलं. हज्जांकडे बघून कुणालाही कळलं असतं की पुढच्या वर्षाची वाट बघायला सांगावं असं ते माणूस नाही.

हज्जांनी मामींच्या कमरेकडे बोट केलं. 'यल्ला, चलो. काटो.'

'हज्जा, इस साल रहने दो,' मामी म्हणाल्या. 'एक तो खा लो.'

'ये बच्चा है. ताकत नहीं. काटो.' आणि मग मामींच्या हातावर एक चापट, जुन्या सवयीची. 'अगला साल खाएगी. इन्शाल्ला.'

मामींनी कमरेचा सिकेटर सोडला. फळ दोन बोटांत धरलं. कच् झालं. हज्जांनी चिकाचा थेंब आपल्याच ओढणीने टिपला.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मामी एकदम बोलल्या, 'बघितलंस? या वयात म्हातारी पुढल्या सालाचं बोलते. आणि मी येडी तिचा हिशोब मिटवायला बसले होते.' मग बाहेर बघत म्हणाल्या, 'आता मी तिला मरू देत नाय.'

पुढचं वर्षभर मामी दर शुक्रवारी थुमामाला गेल्या. निमित्त रोपाला पाणी द्यायचं असे, पण तास-तासभर हज्जांचे पाय चेपत बसायच्या. उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी मला घाईघाईने गाडी काढायला लावली. रोप आता अंगणाच्या भिंतीलगत जमिनीत होतं, माझ्या खांद्याएवढं. मामींनी पिकलेलं अंजीर तोडलं, पुसलं आणि हज्जांच्या हातात ठेवलं. हज्जांनी सालासकट खाल्लं, दात नसलेल्या तोंडात घोळवत, सावकाश. मामी श्वास रोखून बघत होत्या.

'पहले वाला ज्यादा मीठा था,' हज्जा म्हणाल्या.

मामी उसळल्या. 'क्या पहले वाला? ये वही है, हज्जा! काड़ी लगाया तो बच्चा नहीं होता, वही झाड़ होता है! तुम्हारा ही है, वही!' आणि मग काय, अरबी, हिंदी, कोकणी, हातवारे, दोघी म्हाताऱ्या अशा काही भांडायला लागल्या की आतून नर्स धावत आली. हज्जा मानच हलवत होत्या. नाही म्हणजे नाही, पहिलंच जास्त गोड होतं. मामी संतापाने लाल झाल्या होत्या आणि इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

'ठीक है, मत मानो,' मामी शेवटी तणतणत म्हणाल्या आणि उरलेली अंजिरं उचलायला लागल्या. हज्जांनी वाद अर्धा सोडून हात पुढे केला आणि आणखी एक मागितलं.